व्हिडिओ एडिटिंगसाठी मदरबोर्ड घेताना: आधी वाटा मोजा, मग पैसे

मदरबोर्ड बदलला म्हणून एक्सपोर्ट लवकर होत नाही. तोच प्रोसेसर, तीच रॅम आणि तेच ग्राफिक्स कार्ड मध्यम किमतीच्या बोर्डावर लावा किंवा दुप्पट किमतीच्या, प्रीमियर प्रो आणि डाविंची रिझॉल्व्ह जवळपास तेवढाच वेळ घेतात. बोर्डावर अवलंबून असतात त्या गोष्टी निराळ्या. किती ड्राइव्ह एकाच वेळी पूर्ण वेगाने चालतील, कॅमेऱ्याचं कार्ड किती लवकर रिकामं होईल, तीन तासांच्या रेंडरमध्ये प्रोसेसरचा वेग टिकेल का, दोन वर्षांनी आणखी एक कार्ड लावायचं झालं तर स्लॉट मोकळा सापडेल का. दुकानात मात्र बोर्ड विकला जातो नावावर, रंगीत दिव्यांवर आणि खोक्यावरच्या मोठ्या आकड्यांवर. त्यांच्या नादी लागण्याआधी कंपनीच्या साइटवरून बोर्डाचं मॅन्युअल उतरवून घ्या आणि त्यातलं स्टोरेज व एक्स्पान्शन स्लॉटचं पान नीट वाचा. त्याखालच्या बारीक अक्षरांतल्या टिपा तर दोनदा वाचा.

फुटेजचा हिशेब

यूएचडी (४के) रिझोल्यूशन, सेकंदाला २५ फ्रेम आणि प्रोरेस ४२२ एचक्यू हा एडिटिंगचा फॉरमॅट धरला तर एका स्ट्रीमला साधारण ७३७ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला ९२ मेगाबाइट लागतात. तासाभराचं फुटेज सुमारे ३३० जीबी होतं. चार कॅमेऱ्यांचा मल्टिकॅम टाइमलाइनवर टाकला की गरज ३७० मेगाबाइटच्या आसपास जाते. केबलने जोडायची साटा एसएसडी ५५० पर्यंत देते, पीसीआयई (कार्डं आणि ड्राइव्ह जोडणारा बोर्डावरचा मार्ग) ३.० ची एम.२ ड्राइव्ह, म्हणजे बोर्डावरच बसणारी चपटी एसएसडी, ३,५०० पर्यंत आणि ४.० ची ७,००० च्या आसपास. पीसीआयई ५.० ची ड्राइव्ह १४,००० पर्यंत पोचते, पण त्या वेगाचा फायदा मोठ्या फाइली एका ड्राइव्हवरून दुसरीवर टाकतानाच दिसतो, आणि तोही दोन्ही ड्राइव्ह तेवढ्याच वेगवान असल्या तर. म्हणून ‘जेन ५’ स्लॉटसाठी जादा पैसे मोजू नका. त्याच पैशात एम.२ चे किमान तीन स्लॉट असलेला बोर्ड बघा: एकावर विंडोज आणि सॉफ्टवेअर, दुसऱ्यावर चालू प्रोजेक्टचं फुटेज, तिसऱ्यावर कॅश (सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइली) आणि प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या प्रती). जुनी कामं साठवायच्या हार्ड डिस्कसाठी साटाचे चार पोर्ट हवेत. नव्या बोर्डांपैकी काहींवर दोनच उरलेत, तेही तपासा.

लग्नाचं शूटिंग किंवा यूट्यूबचं काम करणाऱ्यांचं फुटेज बहुधा एच.२६५ चं असतं आणि ते १०० ते २०० मेगाबिटच्या घरात येतं. ड्राइव्हला हे काहीच नाही. टाइमलाइन अडखळते ती डिकोडिंगमुळे, म्हणजे दाबून साठवलेला व्हिडिओ उलगडण्यामुळे, आणि म्हणूनच बोर्डाच्या आधी प्रोसेसर ठरवावा लागतो.

प्रोसेसर ठरला की सॉकेट ठरलं

कॅमेरा १० बिट ४:२:२ (रंगाची माहिती ४:२:० पेक्षा जास्त ठेवणारं) एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५, देत असेल तर ते हार्डवेअरवर कोण उलगडणार हा पहिला प्रश्न. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनचं अंगचं, म्हणजे प्रोसेसरमधलंच, ग्राफिक्स हे काम करतं. एएमडीच्या रायझन ७००० आणि ९००० मालिकेतलं अंगचं ग्राफिक्स ४:२:० उलगडतं, ४:२:२ नाही. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४० किंवा त्याआधीचं कार्डही ४:२:२ उलगडत नाही, आरटीएक्स ५० मालिका उलगडते. तेव्हा जुनंच ग्राफिक्स कार्ड वापरायचं असेल तर इंटेल घ्या, आणि नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर टाळा, कारण त्यात अंगचं ग्राफिक्स नसतं. एफवाला दोन पैशांनी स्वस्त पडतो म्हणून दुकानदार हमखास तोच पुढे करतो. आरटीएक्स ५० मालिकेचं कार्ड असेल तर दोन्हींपैकी काहीही चालेल.

नवीन मशीनसाठी आज बघण्यासारखी सॉकेटं (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) दोन: एएमडीचं एएम५ आणि इंटेलचं एलजीए १८५१. दोन्हींवर फक्त डीडीआर५ रॅम चालते. एएम५ वर २०२७ पर्यंत तरी नवे प्रोसेसर देत राहू असं एएमडीने जाहीर केलं आहे, त्यामुळे पुढे नुसता प्रोसेसर बदलायची सोय राहते. एलजीए १७०० हे १२व्या ते १४व्या पिढीचं जुनं सॉकेट. त्याचे काही बोर्ड डीडीआर४ घेतात, म्हणून घरात चांगली डीडीआर४ पडून असेल आणि बजेट तंग असेल तरच तिकडे वळा. १३व्या आणि १४व्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरना जादा व्होल्टेजमुळे अस्थिरतेचा दोष निघाला होता. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरपासून आलेल्या बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटमध्ये त्यावर उपाय आहे, पण आधीच बिघडलेला प्रोसेसर अपडेटने सुधारत नाही. त्या पिढीचा आय७ किंवा आय९ वापरलेला घेऊ नका.

चिपसेटमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या जोडण्या सांभाळणाऱ्या चिपमध्ये, बी८५०, बी६५०ई, बी८६० किंवा बी७६० बहुतेकांना पुरतात. इंटेलचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा (ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा) असेल किंवा ड्राइव्ह आणि कार्डं खरोखर जास्त असतील तरच एक्स८७०ई, झेड८९० किंवा झेड७९० कडे जा. एच६१० मात्र एडिटिंगला नकोच: रॅमचे दोनच स्लॉट, आणि प्रोसेसरला थेट जोडलेला एम.२ स्लॉट नाही. आणखी एक सापळा बी८४० चा. नाव बी८५० च्या शेजारचं, पण कुवत खालच्या ए६२० च्या जवळची, आणि चिपसेटच्या लेन (डेटाच्या वाटा) पीसीआयई ३.० च्या. बिलावर तो एक आकडा तपासून घ्या.

लेन: सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा

प्रोसेसरकडे पीसीआयईच्या मोजक्या लेन असतात. एएम५ वर वापरता येणाऱ्या २४: ग्राफिक्स कार्डाला १६, एका एम.२ ला ४ आणि आणखी ४. एलजीए १८५१ वरही ग्राफिक्सला १६ आणि एम.२ साठी चार-चार लेनचे दोन गट मिळतात. एलजीए १७०० वर ग्राफिक्सला १६ आणि एम.२ ला फक्त ४. बाकी सगळं, म्हणजे उरलेले एम.२, साटा, लॅन आणि बरेचसे यूएसबी, चिपसेटमार्गे जातं. एएम५ वर चिपसेट आणि प्रोसेसर यांच्यात पीसीआयई ४.० च्या चारच लेन आहेत, सेकंदाला जेमतेम ८ जीबी. दादर स्टेशनवर सगळ्या फलाटांची गर्दी एकाच पुलावर यावी तसं हे होतं. चिपसेटवरच्या एका ड्राइव्हवरून फुटेज वाचताय, दुसरीवर कॅश लिहिली जातेय आणि यूएसबीवरून कार्डही रिकामं होतंय, अशा वेळी ती गर्दी जाणवते. चालू प्रोजेक्टची ड्राइव्ह प्रोसेसरला थेट जोडलेल्या एम.२ स्लॉटमध्येच लावा. तो कुठला हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. बहुतेक बोर्डांवर तो प्रोसेसर आणि ग्राफिक्स स्लॉट यांच्या मधला असतो.

आता मॅन्युअलमधल्या बारीक टिपा. त्यांत तीन गोष्टी शोधा.

एक, कुठला एम.२ स्लॉट भरला की ग्राफिक्स कार्ड १६ ऐवजी ८ लेनवर येतं. एलजीए १७०० च्या झेड७९० बोर्डांवर पीसीआयई ५.० चा एम.२ स्लॉट असेल तर तो ग्राफिक्सच्याच लेन उसन्या घेतो. पीसीआयई ४.० वर ८ लेन मिळाल्या तर एडिटिंगमध्ये फरक क्वचितच जाणवतो, म्हणून घाबरायचं कारण नाही. पण आरटीएक्स ४०६० सारखी कार्डं मुळातच ८ लेनची असतात, आणि ती पीसीआयई ३.० च्या जुन्या बोर्डावर लावली की नुकसान होतं.

दोन, कुठला एम.२ भरला की साटाचे कुठले पोर्ट बंद पडतात. नवी एम.२ लावली आणि जुनी हार्ड डिस्क गायब झाली, अशी तक्रार घेऊन लोक डिस्क दुरुस्तीला नेतात. डिस्क ठणठणीत असते, पोर्ट बंद झालेला असतो.

तीन, यूएसबी४ कुणाच्या लेन खातं. एक्स८७० बोर्डावर यूएसबी४ सक्तीचं आहे आणि ते सहसा प्रोसेसरच्या त्या जादा चार लेन वापरतं. काही बोर्डांवर दुसरा एम.२ आणि यूएसबी४ यांच्यात वाटणी होते.

याच पानावर स्लॉटमधलं अंतरही बघा. आजची ग्राफिक्स कार्डं तीन स्लॉट जाडीची असतात आणि खालचा स्लॉट झाकून टाकतात. ग्रेडिंगसाठी (रंग जुळवण्यासाठी) ब्लॅकमॅजिकचं डेकलिंक मिनी मॉनिटर ४के सारखं, बाहेरच्या मॉनिटरला व्हिडिओ देणारं कार्ड लावायचं असेल तर त्याला चार लेनचा स्लॉट लागतो, आणि तो ग्राफिक्स कार्डाखाली दडलेला नसावा. काही बोर्डांवर खालचा स्लॉट दिसतो १६ लेनचा, पण आत तारा एकाच लेनच्या असतात. लांबीवर विश्वास ठेवू नका.

रॅम

स्टिक दोनच लावा, मग बोर्डावर स्लॉट चार असले तरी. रायझन ९००० ला दोन स्टिकवर डीडीआर५-५६०० चा अधिकृत वेग आहे, चार लावल्या की तो ३६०० वर उतरतो. इंटेलवरही चार स्टिकने वेग घटतो. ४के कामाला ३२ जीबी ही खालची मर्यादा धरा, रिझॉल्व्हमध्ये फ्यूजन किंवा आफ्टर इफेक्ट्स सोबत चालवत असाल तर ६४ जीबी, म्हणजे ३२ च्या दोन. ‘आत्ता १६ च्या दोन घ्या, नंतर आणखी दोन टाका’ हा सल्ला डीडीआर४ च्या काळात ठीक होता. डीडीआर५ मध्ये असं केलं की रेंडरच्या मध्येच सॉफ्टवेअर बंद पडू शकतं आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. घेण्याआधी स्टिकचा मॉडेल नंबर बोर्डाच्या मेमरी यादीत आहे का ते पाहा.

व्हीआरएम आणि मुंबईची हवा

व्हीआरएम म्हणजे सॉकेटच्या डावीकडे आणि वर, हीटसिंकखाली असलेला पॉवरचा भाग. गेममध्ये प्रोसेसरवरचा ताण चढउतार होतो, एक्सपोर्टमध्ये तो तासन्‌तास सलग असतो. आय७-१४७००के २५३ वॅटपर्यंत ओढतो, रायझन ९ ९९५०एक्स २३० वॅटपर्यंत. आय५-१४४०० किंवा रायझन ७ ९७००एक्स असेल तर साध्या बी मालिकेचा बोर्डही पुरतो. वरच्या प्रोसेसरसाठी मात्र दोन्ही बाजूंनी जाड, खाचांचे हीटसिंक असलेला आणि ८ पिनचे दोन पॉवर कनेक्टर असलेला बोर्ड घ्या. नुसता चकचकीत प्लास्टिकचा कव्हर म्हणजे हीटसिंक नव्हे.

मुंबईत एप्रिल-मेमध्ये खोलीचं तापमान ३३-३४ अंश सहज असतं, आणि वन रूम किचनच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकलेल्या टेबलाखाली कॅबिनेट ठेवलं की आत आणखी वाढतं. लिक्विड कूलर लावला तर प्रोसेसरच्या आसपास वारा खेळत नाही आणि व्हीआरएम जास्तच तापतं. एअर कूलर असला की त्याच्या पंख्याचा वारा तिथेही पोचतो. मागच्या बाजूचा पंखा बाहेर हवा टाकणारा असू द्या.

पावसाळ्यात दमट हवा आणि समुद्राकडच्या उपनगरांत खारी हवा, दोन्ही बोर्डाला मानवत नाहीत. मशीन आठवडाभर बंद ठेवू नका, रोज तासभर तरी चालवा. बंद असताना मागचे रिकामे पोर्ट रबरी टोपणांनी झाका. पोर्टवर किंवा सोल्डरवर गंज दिसला तर सर्व्हिस सेंटर वॉरंटी नाकारू शकतं. जुन्या चाळीत आणि इमारतीत अर्थिंग नसेल तर कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात आणि बोर्डाच्या ऑडिओत गुणगुण ऐकू येते. वायरमनकडून अर्थिंग करून घ्या, बोर्ड बदलून हे जाणार नाही. गच्चीवरून तांब्याची लॅन केबल घरात येत असेल तर विजा चमकत असताना ती काढून ठेवा, कारण लाट तिथूनच येऊन लॅन पोर्ट जाळते. यूपीएस ६०० व्हीएचा म्हणजे साधारण ३६० वॅटचा असतो आणि रेंडर चालू असलेलं मशीन तो पेलत नाही. किमान १,००० व्हीएचा घ्या.

मागचे पोर्ट

कार्ड रीडर किती वेगाने रिकामा होतो ते पोर्टवर ठरतं. यूएचएस-२ कार्डाला ५ गिगाबिटचा पोर्ट पुरतो, सीएफएक्सप्रेस टाइप बी साठी १० किंवा २० गिगाबिटचा हवा. मागे १० गिगाबिटचे किमान दोन पोर्ट आणि एक टाइप-सी असावा. कॅबिनेटला पुढे टाइप-सी असेल तर बोर्डावर त्याचं वेगळं हेडर (केबल जोडायची जागा) लागतं, ते नसेल तर पुढचा पोर्ट शोभेचा. क्लायंट थंडरबोल्टचे ड्राइव्ह आणून देत असतील तर पोर्ट बोर्डावरच असलेला घ्या. नंतर थंडरबोल्टचं कार्ड लावायचं म्हटलं तर त्याचं हेडर बोर्डावर असावं लागतं, आणि ते बऱ्याच बोर्डांवर नसतं.

लॅन एक गिगाबिटची असेल तर प्रत्यक्षात ११० च्या आसपास मेगाबाइट मिळतात. प्रोरेसचा एकच स्ट्रीम त्यात बसतो. अडीच गिगाबिटमध्ये तीन बसतात. नॅसवरून (नेटवर्कवरच्या सामायिक स्टोरेजवरून) थेट एडिट करणार असाल तर अडीच गिगाबिट ही खालची पायरी आहे, आणि स्विचही तेवढाच हवा.

लॅमिंग्टन रोडवर

ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरून डॉ. भडकमकर मार्गावर, म्हणजे लॅमिंग्टन रोडवर, जायचं तर कामाच्या दिवशी आणि दुपारच्या गर्दीआधी जा. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. तीन दुकानांत त्याच मॉडेलचा पूर्ण नावानिशी भाव विचारा. ‘वाय-फाय’, ‘डी४’, ‘प्लस’ अशा एका शब्दाने बोर्ड बदलतो. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ याला होकार देऊ नका. जीएसटी १८ टक्के आहे, ती रक्कम डोळ्यांत भरते, पण बिल नसेल तर तीन वर्षांच्या वॉरंटीत तुमचं म्हणणं सिद्ध करायला काहीच राहत नाही. बिलावर बोर्डाचा सिरियल नंबर लिहून घ्या आणि तो खोक्यावरच्या व बोर्डावरच्या नंबराशी जुळवा. भारतातली वॉरंटी लागू आहे का हे तो नंबर कंपनीच्या साइटवर टाकून तिथेच बघा. बाहेरून आणलेला माल स्वस्त मिळतो, पण त्याला इथलं सर्व्हिस सेंटर हात लावत नाही.

काउंटरवरच सॉकेटचं टोपण उघडून मोबाइलच्या टॉर्चने पिना तिरक्या कोनातून बघा. पिनांच्या रांगा सरळ चमकल्या पाहिजेत. एखादी वाकलेली दिसली तर दुसरा बोर्ड मागा, कारण वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही. टोपण फेकू नका, बोर्ड वॉरंटीला देताना ते लागतं.

बायोसची आवृत्तीही विचारा. बी६५० चा जुना साठा असेल तर रायझन ९००० त्यावर सुरूच होणार नाही. बोर्डाला बायोस फ्लॅशबॅकचं (मशीन सुरू न होताही बायोस बदलणारं) बटण असेल तर हे घरी निभावतं. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करून मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या नावाने फाइल ठेवा, ठरलेल्या पोर्टमध्ये लावा, फक्त २४ पिन आणि ८ पिनची वीज जोडा, एसएमपीएसचा स्विच चालू ठेवा आणि बटण दाबून धरा. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत हात लावू नका. मध्येच वीज गेली तर पंचाईत होईल, म्हणून यूपीएसवरच करा.

दुकानातच मशीन असेंबल करून घेतलं तर लोकलने किंवा टॅक्सीने नेण्याआधी ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्या खोक्यात ठेवा. दीड-दोन किलोचं कार्ड हिसक्यांनी स्लॉट उचकटतं.

जोडणी आणि पहिली तपासणी

कॅबिनेटमधले स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर टेकतो त्या छोट्या खुंट्या) बोर्डाच्या भोकांशी जुळवून घ्या. जादा राहिलेला एक स्टँडऑफ बोर्डाच्या मागे टेकला तर शॉर्ट होतो. एम.२ च्या हीटसिंकखालच्या थर्मल पॅडवरची पातळ प्लास्टिकची फिल्म सोलून काढा. ती राहून गेली की ड्राइव्ह तापते आणि कॉपी करताना वेग कोसळतो. दोन स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा.

पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळीच राहील, एएम५ वर आणि मोठ्या रॅमवर जास्तच. बोर्ड रॅमची जुळणी करत असतो. ‘मेला’ समजून बटण दाबत बसू नका, दहा-पंधरा मिनिटं वाट बघा. मग बायोसमध्ये या क्रमाने जा:

१. बायोस नव्या आवृत्तीवर आणा.
२. इंटेल असेल तर ‘इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज’ निवडा, कारण काही बोर्ड आपल्या मर्जीने पॉवरची मर्यादा काढून टाकतात.
३. रॅमसाठी एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅमला तिचा छापील वेग देणारी सेटिंग) चालू करा.
४. इंटेलवर ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ चालू करा. ग्राफिक्स कार्ड लावल्यावर अंगचं ग्राफिक्स आपोआप बंद होतं, आणि ४:२:२ साठी घेतलेला प्रोसेसर फुकट जातो.

यानंतर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. एकही चूक निघाली तर रॅमचा वेग एक पायरी खाली आणून पुन्हा चालवा. तरीही निघाली तर स्टिक बदलून घ्या. मग तापमान आणि वेग दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवून स्वतःच्याच फुटेजचा अर्धा तास लांबीचा एक्सपोर्ट लावा. व्हीआरएम ९० अंशांच्या आत राहिलं तर चिंता नाही. ते १०० च्या पुढे जाऊन प्रोसेसरचा वेग पंधरा-वीस मिनिटांनी खाली येत असेल तर आधी पंखे बदलून बघा, नाहीतर बोर्ड त्या प्रोसेसरला कमी पडतोय. एचडब्ल्यूइन्फोमध्येच ग्राफिक्स कार्ड किती लेनवर आणि कुठल्या पीसीआयई आवृत्तीवर चाललंय ते वाचा. रिकामं बसलेलं कार्ड आवृत्ती खाली आणतं, म्हणून हा आकडा एक्सपोर्ट चालू असतानाच बघायचा. हे सगळं पहिल्याच आठवड्यात उरका, कारण दुकानदार बोर्ड थेट बदलून देतो ते सुरुवातीचे मोजके दिवसच. त्यानंतर सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या आणि दुरुस्त करून परत आलेला बोर्ड.